आप्पांचा दहावा आणि सोलापूरची बाजारपेठ

कोणत्याही कंपनीची व्यूहरचना बंद दाराआड, थंड डोक्याने आणि दूरवर नजर ठेवून ठरवावी लागते, यावर माझी श्रद्धा आहे. हिर्लेकर भडंगची व्यूहरचना सांगलीत कृष्णेच्या घाटावर, भर उन्हात, कावळ्यावर नजर ठेवून ठरली.

आप्पा हिर्लेकरांचा दहावा होता. गुरुजींनी पिंड मांडून दिले होते, आम्ही सगळे चार पावलं मागे सरकून उभे होतो आणि कावळे समोरच्या कडुनिंबावर बसून आमच्याकडे बघत होते. त्यांना भूक नव्हती असं नाही. शेजारच्या एका कुटुंबाच्या पिंडाला कावळा गुरुजींचा हात मागे यायच्या आत शिवला होता, आणि ती मंडळी आता सुटल्यासारखी टॉवेल झटकत पायऱ्या चढत होती. त्यांच्याकडे आमच्या माणसांनी ज्या नजरेने पाहिलं तिला आमच्या अभ्यासक्रमात बेंचमार्किंग म्हणतात.

मी तिथे कंपनीचा मॅनेजर म्हणून उभा होतो. पुण्याहून एमबीए करून आलेला, भडंगाच्या धंद्यातला बहुधा पहिलाच. आप्पांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय एमबीए, आज काय नवीन?" असं विचारायचे, आणि मी सांगायला लागलो की चुरमुऱ्याच्या पोत्यांकडे निघून जायचे. मला त्यांच्या मुलाने, नंदूशेठनी, ठेवलं होतं. नंदूशेठ चाळिशीला आले होते, आणि वडिलांना तोंडावर जे सांगवत नाही ते सांगायला त्यांना एक पगारी माणूस हवा होता.

सांगायचं होतं ते एवढंच, की सोलापूर घ्या. आमचं भडंग सांगलीपासून वर कराड, सातारा, पुण्यापर्यंत विकलं जायचं. पूर्वेला सोलापूर-विजापूरकडे मिरजेच्या माणगाव्यांचं. दोन्ही कारखाने सायकलने जाता येईल इतके जवळ, चव जवळजवळ सारखी, आणि तीस वर्षांत कुणी कुणाच्या मुलखात एक पाकीट टाकलेलं नाही. मी नकाशावर सोलापूर जिल्हा लाल रंगवून आप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, रंग छान आहे म्हणाले, आणि म्हणाले, "तिकडं जायचं नाही." का, ते सांगितलं नाही. मी अहवालात 'संस्थापकाची जोखीम घेण्याची अनिच्छा' असं लिहिलं. दिवाळीनंतर विषय पुन्हा काढू असं माझं आणि नंदूशेठचं ठरलं होतं. त्याआधीच आप्पांना हृदयविकाराचा झटका आला.

आणि आता घाटावर आमच्यापासून दहा हातांवर खुद्द अण्णा माणगावे उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी, डोक्यावर छत्री. प्रतिस्पर्धी अशा प्रसंगी येतो तो माहिती गोळा करायला, असं मी गृहीत धरलं. त्यांच्या जागी मी असतो तर त्यासाठीच आलो असतो.

कावळे काही हलेनात. मग घरचे एकेक पुढे होऊन आप्पांची इच्छा ओळखायला लागले. माईंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, गाणगापूरला जाऊन येते असं सांगितलं. मुलीने वाटणीतलं काही मागणार नाही असं कबूल केलं, त्यावर तिच्या नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. आप्पांच्या मेहुण्यांनी आप्पांची जुनी स्कूटर कधीच विकणार नाही असं वचन दिलं. स्कूटर मेहुण्यांची नव्हती, पण वचन द्यायला कुणाला बंदी नव्हती. एक कावळा खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर आला, मान तिरकी करून त्याने सगळ्यांना पाहून घेतलं, आणि कुणाच्या तरी हाराचा दोरा उचलून गेला.

"धंद्यातलं काही राहिलंय का बघा," ग्रामोपाध्ये गुरुजी म्हणाले. "कर्त्या माणसाचा जीव तिथंच घुटमळतो. आणि जरा मोठ्यानं बोला."

नंदूशेठ पुढे झाले. ओला पंचा, उघडं अंग, हात जोडलेले. मोठ्याने म्हणाले, "आप्पा, तेल शेंगदाण्याचंच वापरू."

पामतेलाचा प्रस्ताव माझ्या टेबलाच्या खणात होता. त्याची कल्पना आमच्या हिशेबनिसालाही नव्हती.

"लसूण ताजाच आणू, आप्पा. पावडर आणणार नाही."

हेही प्रस्तावात होतं.

"पाकिटाचं वजन कमी करणार नाही."

नंदूशेठ माझा अहवाल पानामागून पान रद्द करत होते, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या देखत, खड्या आवाजात. अण्णा माणगावे छत्रीखाली मान खाली घालून ऐकत होते. मी हळूच गुरुजींजवळ गेलो. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि विधी पुरा करतात, एवढं मला माहीत होतं. तो केव्हा करतात, असं मी विचारलं.

"एवढ्यात? घाई कुणाला आहे? घरच्यांना, का तुम्हाला?"

मी म्हणालो, ऊन फार आहे. गुरुजी म्हणाले, "ते कावळ्यालाही आहे."

तेवढ्यात नंदूशेठनी घसा साफ केलेला मला ऐकू आला. "आप्पा," ते म्हणाले, "सोलापूरकडं आम्ही..."

मी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं. गार, ओलं कोपर. सुतकातल्या माणसाला शिवू नये वगैरे मला सुचलं नाही.

"नंदूशेठ, तेवढं सोडून काहीही बोला."

"अहो, आप्पांच्या मनात तेच असणार."

"असेल. पण माणगावे उभे आहेत."

नंदूशेठनी माझ्याकडे पाहिलं, मग माणगाव्यांकडे, मग नदीकडे. मग त्यांनी तोंड मिटलं आणि हात जोडून नुसतेच उभे राहिले. माई म्हणाल्या, बोल ना रे, थांबलास का? ते म्हणाले, झालं माझं. कावळे बसले होते तसेच बसले. दोन-तीन तर पाठ फिरवून बसले.

माई पायरीवर बसल्या. मुलीने त्यांच्या डोक्यावर पदर धरला. गुरुजींनी खरोखरच दर्भाची जुडी हातात घेतली आणि मला बरं वाटायला लागलं, तेव्हा अण्णा माणगाव्यांनी छत्री मिटली.

"गुरुजी, आम्हा जैनांत हे नसतंय. पर मी दोन शब्द बोललो तर चालेल काय?"

गुरुजींनी विचारलं, "आप्पांचे तुम्ही कोण?"

"दोस्त."

ते ऐकून माईंसकट सगळ्यांनी वर पाहिलं. या दोघांना एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गावात त्यांचं वैर प्रसिद्ध होतं. त्याच्यावर दोघांचाही माल खपत होता.

अण्णा चपला काढून पुढे आले. हात जोडले नाहीत. कट्ट्यावर बसलेल्या माणसाशी बोलावं तसे पिंडाशी बोलले.

"आप्पा, ऐक. मधला रेल्वेचा रूळ तू वलांडला न्हाईस, मी वलांडला न्हाई. रुळाच्या पल्याड तुझा माल, अल्याड माझा, आपलं ठरलं हुतं. तुझ्या माघारी बी मी वलांडणार न्हाई. पोराची काळजी करू नगंस. त्याच्याशी मी कधी भांडणार न्हाई. त्यानं काय बी केलं तरी मी त्याच्या आड येणार न्हाई. हे माणगाव्यानं सांगितलं म्हणून समज. जा आता."

ते मागे सरकून छत्री उघडतात न उघडतात तोच कावळा आला. त्याच्यामागून दुसरा, मग चार-पाच. माईंना रडू फुटलं. नंदूशेठ अण्णांच्या पाया पडायला गेले, अण्णांनी त्यांना मध्येच धरलं. मेहुणे डोळे पुसत म्हणाले, बघा, मैत्री असावी तर अशी. सगळे कावळ्याकडे तरी बघत होते किंवा रडत तरी होते. मी अण्णांकडे बघत होतो. 'त्यानं काय बी केलं तरी', असं ते म्हणाले होते. साक्षीदारांसमोर.

आम्हाला शिकवलेलं असं, की नव्या बाजारपेठेत उतरताना खरी भीती मालाची नसते, भावाची नसते. भीती असते ती आधीपासून तिथे बसलेला माणूस उलट काय करेल याची. तो भाव पाडेल, दुकानदार बांधून ठेवेल, तुमच्याच गावात घुसेल. याच्यावर आमच्या पुस्तकात एक मोठं प्रकरण होतं. जगभरातल्या कंपन्यांची उदाहरणं होती त्यात. पण आपण उलट काहीही करणार नाही असं नदीकाठी उभं राहून मेलेल्या माणसाला आधीच सांगून टाकणारा प्रतिस्पर्धी त्या प्रकरणात एकही नव्हता.

जेवणं घाटाजवळच्याच कार्यालयात होती. हात धुतल्यावर मी नंदूशेठना गच्चीकडे बाजूला घेतलं. ते गहिवरलेले होते. आप्पांनी आपल्याला हे कधीच का सांगितलं नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी थोडा वेळ त्यांना म्हणू दिलं.

"नंदूशेठ, वचन कुणी दिलं?"

"अण्णांनी."

"तुम्ही दिलंत?"

"तेलाचं दिलं. लसणाचं, वजनाचं."

"सोलापूरचं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "तुम्ही देऊ दिलं नाहीत."

"म्हणजे आपण मोकळे आहोत. बांधलेले ते आहेत."

"अहो, पण आप्पांना काय वाटेल?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि जेवताना मी उत्तर तयार केलं होतं. "कावळा शिवला ना, नंदूशेठ? सोलापूरचं वचन न देता शिवला. आप्पांची हरकत असती तर शिवला असता का?"

नंदूशेठनी कठड्याला टेकून खूप विचार केला. खाली अण्णा माणगावे पंगतीत बसले नव्हते. जेवणात कांदा-लसूण नव्हतं हे त्यांना माईंनी दोनदा सांगितलं, तरी नुसतं पाणी पिऊन ते रिक्षात बसत होते.

"हे बाकी खरं," नंदूशेठ म्हणाले. आणि मग म्हणाले की पहिलं मासिक श्राद्ध तरी होऊ दे. एवढी नैतिकता आम्ही पाळली.

मासिक श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आमचे टेम्पो सोलापूरला गेले. भाव माणगाव्यांपेक्षा कमी, दुकानदारांना उधारीची मुदत दुप्पट, चार पाकिटांवर एक फुकट. माणगाव्यांच्या भट्टीवरचा जुना आचारी सदाशिव आम्ही वाढीव पगार देऊन सांगलीला आणला. याला मनुष्यबळ धोरण म्हणतात. माझ्या केबिनच्या भिंतीवर एक तक्ता होता. अण्णांनी भाव पाडला तर आपण काय करायचं, साताऱ्यात घुसले तर काय करायचं, आपला माणूस फोडला तर काय करायचं. प्रत्येक चौकोनातून बाण निघून दुसऱ्या चौकोनात जात होता.

अण्णांनी काहीच केलं नाही. भाव होता तिथेच ठेवला. सोलापूरचे दुकानदार फोन करून त्यांना म्हणाले, थोडं खाली या, नाहीतर माल ठेवता येणार नाही. त्यांनी न्हाई जमत म्हणून सांगितलं. साताऱ्याचा आमचा एक विक्रेता आमच्यावर रागावून त्यांच्याकडे गेला, तर त्याला चहा पाजून म्हणाले, हिर्लेकरांकडनंच घ्या. यावरून त्यांचा पुतण्या घरात भांडला आणि वेगळा झाला, तरी ते हलले नाहीत. माझा तक्ता भिंतीवर तसाच राहिला. एवढी तयारी करावी आणि समोरच्याने नुसतं बसून राहावं, यात आपला थोडा अपमान आहे असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

होळीच्या सुमारास एका सकाळी अण्णा आमच्या कारखान्यात आले. नंदूशेठनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि शेंगदाण्याच्या गोदामातून मागच्या दाराने निघून गेले. जाता जाता मला म्हणाले, मी कोल्हापूरला गेलोय.

अण्णा माझ्यासमोर खुर्चीवर बसले. वाळल्यासारखे दिसत होते. मांडीवर कापडी पिशवी.

"नंदू न्हाई काय?"

"कोल्हापूरला गेलेत."

"असू दे. काम तुमच्याकडंच हाय."

मी टेबलावरचे कागद सरळ केले. सोलापूरबद्दल ते काय बोलतील आणि मी काय बोलेन, याची उजळणी मी मनात पुष्कळदा केलेली होती. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत भडंग होतं.

"जरा चव बघा की."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. घरात सात पिढ्यांत कुणी लसूण खाल्लेला नाही. त्यांनीही नाही. भडंग लसणावाचून होत नाही, आणि धंदा तर वडिलांनी सुरू केलेला. तेव्हा मसाल्याचा नवा घाणा काढला की ते एक डबा घेऊन मागच्या दाराने आप्पांकडे यायचे. आप्पा तोंडात टाकून सांगायचे, मीठ चढलंय, तिखट उतरलंय. तीस वर्षं.

दोन कंपन्यांच्या चवीत फरक का नाही, यावर माझ्या अहवालात एक स्वतंत्र परिशिष्ट होतं. त्यात मी हेरगिरीची शक्यता वर्तवली होती.

"कारखान्यात कुणाला विचारत नाही का?" मी म्हटलं.

"इचारतो की. सगळी छान म्हणत्यात. मालकाला कोण वाईट म्हणतंय? दुकानदार तर पहिल्यापासनं वाईटच म्हणत्यात, सूट पायजे असती त्यास्नी. खरं सांगणारा ह्यो एकच हुता. शिव्या द्यायचा. एकदा डबा भिरकावला हुता त्यानं, ह्याच खोलीतनं." ते खिडकीकडे बघून हसले. "आता भट्टीवर माणूस बी नवा हाय."

जुना कुठे गेला ते त्यांनी विचारलं नाही. तो खाली आमच्या भट्टीवर होता. त्याचा खोकला वर ऐकू येत होता.

मी चमचाभर भडंग तोंडात टाकलं. चुरमुरे कुरकुरीत होते. तिखट ठीक होतं. आणि मग लसूण लागला. करपलेला. जिभेच्या मागे कडू चव बसली ती तिथेच राहिली. हे भडंग ज्याने एकदा खाल्लं तो पुन्हा घेणार नाही, हे सांगायला एमबीए असायची गरज नव्हती.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. हात गुडघ्यांवर ठेवून, निकालाच्या दिवशी बसावं तसे.

"कसं हाय?"

मी चमचा खाली ठेवला. "छान आहे, अण्णा."

"मीठ?"

"बरोबर."

"आणि लसूण?"

"लसूण तर उत्तम."

त्यांनी मोठा श्वास सोडला. डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला. "मग झालं. जिवाला घोर लागला हुता. आता ह्याच बेतानं पुढचा सगळा मसाला करून टाकतो." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आप्पानं माणूस चांगला ठिवलाय."

मी जाग्यावरून उठलोही नाही. ते गेल्यावर पाणी प्यायलो. मग पुन्हा पाणी, मग गूळ खाल्ला. नंदूशेठ गोदामातून परत आले आणि काय म्हणाले, भांडले का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही, सहज आले होते, तुमची चौकशी करायला. ते म्हणाले, देवमाणूस आहे हो. आणि त्या महिन्याच्या सोलापूरच्या आकड्यांबद्दल विचारलं.

आकडे चांगले होते. पुढे आणखी चांगले झाले. माणगाव्यांचा माल दुकानांतून परत यायला लागला, पोतीच्या पोती. दुकानदार फोनवर सांगायचे, साहेब, त्यांची चवच गेली बघा. मी आढाव्याच्या बैठकीत हे वाक्य 'ग्राहकांची बदललेली पसंती' या मथळ्याखाली वाचून दाखवलं. नंदूशेठनी टाळ्या वाजवल्या.

पुढची दिवाळी झाली आणि माणगाव्यांचा कारखाना बंद झाला. यंत्रं, भांडी विकायला काढली असं कळलं. त्यांच्या मोठ्या लोखंडी कढया जुन्या आणि नामी होत्या. त्या आपण घेऊ, असं मीच सुचवलं. प्रस्तावात लिहिलं, 'स्पर्धकाच्या उत्पादनक्षमतेचं संपादन'. नंदूशेठ म्हणाले, तुम्हीच जाऊन या, मला बरं वाटणार नाही. टेम्पो घेऊन मी मिरजेला गेलो.

भट्टी थंड होती. कढया धुऊन, तेल लावून, भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या. अण्णा एका पोत्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी नको नको म्हणालो तरी उठले.

"इचलकरंजीचा एक जण आला हुता. जास्त देत हुता," ते म्हणाले. "न्हाई म्हटलं. नंदूला लागतील म्हणून ठिवल्यात. शब्द दिलाय न्हवं."

सोलापूरबद्दल ते बोलतील म्हणून मी पुन्हा वाट पाहिली. ते त्या विषयाकडे गेलेच नाहीत. घरात चहा सांगितला, मला बसायला दुसरं पोतं पुढे केलं आणि बराच वेळ हाताची नखं बघत राहिले.

"त्या दिवशी लसूण करपलेला हुता. व्हय?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"माल परत याय लागल्यावर शेवटी मीच एक दाणा तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदा. घरात सांगितलं न्हाई. पर मला काय कळतंय, करपलेला कुठला आन् चांगला कुठला? मला समदंच वाईट लागलं. मग माईवहिनींकडं डबा धाडला. त्यांनी एका घासात सांगितलं." ते थांबले. "आधीच त्यास्नी इचारायला पायजे हुतं. म्हटलं, बाईमाणसाला धंद्यातलं काय इचारायचं."

"अण्णा," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं न्हाई. तुम्ही शिकलेली माणसं, चांगल्या घरची. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर वाईट हाय कसं म्हणणार? लाज वाटत असणार तुम्हाला." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आप्पाला काय लाजच न्हवती."

ते हसले. मला हसता आलं नाही, आणि न हसणंही जमेना. आतून बांगड्या वाजल्या, कपबशांचा आवाज आला. चहा येत होता. तो प्यायला मी तिथे बसू शकलो नाही. मला उशीर होतोय असं म्हणून उठलो. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, माप घेऊन मग चढवू या. मी म्हणालो, माप कशाला, चढव. त्याने चढवल्या. अण्णा दोर बांधायला मदत करत होते, तेव्हा मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो होतो आणि समोर रस्त्याकडे बघत होतो. मागे वळून त्यांचा निरोप घेतला की नाही, ते सांगता येणार नाही.

नंदूशेठनी टेम्पोपुढे नारळ फोडला. कारखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले. माईंनाही एक पेढा पाठवला. त्यांनी तो परत पाठवला, मधुमेह आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढया भट्ट्यांवर ठेवून पाहिल्या. आमच्या भट्ट्यांची तोंडं मोठी होती, कढया आत जात होत्या. काही दिवस त्या मागच्या आवारात पडून राहिल्या, मग भंगारवाल्याने नेल्या.